भुलेश्वरचे पांजरपोळ आणि आमचा मोती

यंदा दिवाळीला नवे कपडे नकोत, फटाके नकोत, फक्त कुत्र्याचे पिलू हवे, असे आमच्या अकरा वर्षांच्या सईने गणपतीतच जाहीर करून टाकले. "तुम्ही बापलेक बघा काय ते," म्हणून तिची आई मोकळी झाली. मी पडलो मराठीचा मास्तर. कुठलाही प्रश्न आला की आधी त्याचा इतिहास सांगायचा, ही आमची जुनी खोड. तेव्हा एका रविवारी सकाळी सईला घेऊन मी भुलेश्वरचे पांजरपोळ दाखवायला निघालो.

आम्ही चर्नी रोडला उतरलो. या नावात गुरांच्या चरण्याची आठवण आहे असे सांगतात. आज तिथे गवताचे पाते दिसेल तर शपथ! ठाकुरद्वार मागे टाकून सी. पी. टँकच्या बाजूने आत शिरलो. हारवाले, बांगडीवाले, देवाची वस्त्रे विकणारे, हातगाड्या आणि त्यांतून अंग चोरून चालणारी माणसे! त्या गर्दीत एकाएकी शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास आला. सई थबकली.

"बाबा, इथे गाव आहे?"

दरवाजातून आत गेले की खरोखरच गाव लागते. गायी निवांत रवंथ करीत होत्या, वासरे दाव्याला हिसके देत होती. लोक येत, चाऱ्याची पेंढी विकत घेत, गायीपुढे धरीत, नमस्कार करीत आणि घड्याळाकडे पाहत बाहेर पडत. सईनेही एक पेंढी चारली. मग एका कठड्यापाशी उभे राहून मी तिला इतिहास सांगितला.

आज इथे गायींचे राज्य दिसते. पण या जागेची गोष्ट सुरू होते ती कुत्र्यांपासून. 1832 साली कंपनी सरकारने मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम. पैशाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. त्या वर्षीच्या 6 जूनला कोटातील पारशी मंडळींनी शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, गोऱ्या पलटणीची रसदसुद्धा अडली. पुढे दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, शेठ जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातील हिंदू-जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने हे पांजरपोळ उभे राहिले.

"म्हणजे कुत्र्यांसाठी माणसं सरकारशी भांडली!" सईचे डोळे चमकले. आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "तुमच्या लहानपणी कुत्रा होता का हो, बाबा?"

होता. इस्लामपूरला आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडी मोती होता. मी पाचवीत असताना वडिलांची ठाण्याला बदली झाली. ठाण्याची जागा दोन खोल्यांची. कुत्र्याचा विचारही कुणी केला नाही. सामानाचा ट्रक आला तेव्हा मोती सर्वांच्या आधी उडी मारून आत बसला. त्याला खाली उतरवायला वडिलांनी मलाच सांगितले, कारण तो माझेच ऐके. मी त्याला शेजारच्या काकूंच्या अंगणात तगरीला बांधले. मी गाठ मारीत होतो आणि तो शेपटी हलवीत होता. पुढे काकूंचे पत्र आले. मोती पंधरा दिवस आमच्या बंद दारापाशी बसून असे. मग दिसेनासा झाला.

हे मी घरात कधी कुणाला सांगितले नव्हते. सई काही बोलली नाही. तिने फक्त माझा हात धरला.

पेंढी चारण्यात पुण्य असेल, नाही असे मी म्हणत नाही. पण ते दोन मिनिटांत आटोपते. पाळलेले जनावर बारा-चौदा वर्षे आपल्या दारी राहते. तीन महिन्यांचे झाले की त्याला पिसाळरोगाची लस टोचावी लागते, पुढेही डॉक्टर सांगतील तशी. भर पावसात त्याला फिरवून आणावे लागते. फराळाच्या ताटातले बेदाणे त्याला विषासारखे, तेव्हा लाडालाही आवर घालावा लागतो. सुट्टीत आपण गावी गेलो तर ते कुणापाशी राहील, हे तिकिटे काढण्याआधी ठरवावे लागते. आणि बदली झाली, तर ट्रकमध्ये त्याचीही जागा धरावी लागते.

परतीच्या गाडीत सईने विचारले, "बाबा, आपलं घर बदललं तर?"

"जिथे त्याला घेतील, तिथलंच घर बघायचं."

"नक्की?"

"नक्की."

पिलू दिवाळीत आणायचे नाही, असे आमचे ठरले. ज्या आवाजाने आपल्याच कानठळ्या बसतात, त्याने नव्या घरातल्या त्या जिवाचे काय होईल? तुळशीची लग्ने उरकली, फटाके थंडावले, की मग आणायचे. सईने कॅलेंडरवर तारखेभोवती लाल वर्तुळ काढले आहे. त्याखाली पहाटेच्या फेरीची पाळी लिहायची होती. तिथे मी माझे नाव लिहिले.