राजापूरच्या बाजारात पाणी येतं

राजापूरच्या जवाहर चौकात पावसाळ्यात दुकानदाराशी गप्पा मारायला बसावं, तर त्याचं अर्धं लक्ष नदीकडेच. मी गेलो तेव्हा एका किराणा दुकानात साखरेची पोती वरच्या फळीवर चढवणं चाललं होतं. "डोंगरात जोर धरला की पाणी आत शिरायला वेळ लागत नाही," मालक म्हणाले आणि भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. ती माझ्या कमरेच्या वर होती. त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी, सवय जास्त.

अर्जुना आणि कोदवली या नद्या इथे मिळतात. गाव मोठं झालं तेही याच पाण्यावर. जैतापूरच्या खाडीतून गलबतं वर येत आणि घाटावरचा माल अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. मिरीच्या आणि कापडाच्या या व्यापाराचा वास इंग्रजांना लागला नसता तरच नवल. १६४९च्या सुमारास त्यांनी इथे वखार घातली.

व्यापाऱ्याने व्यापार करावा. पण १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेला. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर स्वारी केली, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केलं. शेवटचे कैदी सुटायला १६६३ उजाडलं.

मला मात्र त्यानंतरचं भरपाईचं प्रकरण जास्त रंजक वाटतं. नुकसानीचा हिशेब इंग्रजांनी वर्षानुवर्षं लावून धरला. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याने नजराण्याबरोबर राजापूरची थकबाकीही पुढे केली. दहा हजार होनांवर तडजोड झाली. वसुली मात्र रेंगाळतच राहिली.

वखारीच्या भक्कम दगडी इमारतीत पुढे सरकारी कचेरी भरू लागली. अरबी गलबतं थेट येतात असं जिल्ह्यातलं हे एकच बंदर, अशी नोंद १८८०च्या गॅझेटिअरमध्ये आहे. पण तोवर खाडीत गाळ साचला होता आणि मोठी गलबतं गावापर्यंत पोचेनाशी झाली होती.

बाहेरच्यांना राजापूर माहीत असतं ते गंगेमुळे. उन्हाळे गावाजवळच्या टेकडीवर चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी तिथे अचानक पाणी प्रकटतं, काही काळ वाहतं आणि जातं. भूगर्भातल्या वक्रनलिकेमुळे असं होतं, हे अभ्यासकांचं स्पष्टीकरण. भाविकांची गर्दी त्याने कमी होत नाही. अलीकडे गंगेचं वेळापत्रक बिघडलंय, हे मात्र दोघांनाही मान्य आहे.

गावच्या नळाचं पाणी येतं ते कोदवलीवरच्या ब्रिटिशकालीन धरणातून. 'सायबाचं धरण' म्हणतात त्याला. पंप नाही, वीजबिल नाही. पाणी उताराने आपसूक गावात उतरतं. पण खाडीसारखंच या धरणालाही गाळाने गाठलं. साठा घटला, की उन्हाळ्यात नळ दिवसाआड येतो.