आतून कोणी हाक मारत नाही म्हणून

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. होऊन वीसेक वर्षं झाली. संगणकाशी माझा संबंध ऑनलाइन हजेरी भरण्यापुरता. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याशेजारी काळ्या स्क्रीनसमोर दोन रात्री बसलो. तिथे जे समजलं ते इथे मांडतो.

उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शब्द आणि मराठी शाळेतल्या मुलांना उर्दू शब्द ओळखता यावेत, म्हणून मी एक वही केली होती. भाच्याने त्या वहीचा खेळ बनवला. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याने एमस्क्रिप्टेन वापरून वेबअसेम्ब्लीत बदलला. असा प्रोग्राम फोनच्या ब्राउझरमध्येच चालतो, वेगळं अॅप लागत नाही. पण फाइल जड झाली. आमच्या भंडारा जिल्ह्यात पवनीकडच्या गावांत घरात एकच फोन, तोही संध्याकाळी अब्बा परतल्यावर हाती येणारा, आणि रेंज कधी आहे, कधी नाही. खेळ उतरेपर्यंत मूल उठून जायचं.

"मामू, हलकी करून देतो," तो म्हणाला आणि त्याने एकच ओळ टाइप केली. आधी साधनाचं नाव, ‘वॅझम-ऑप्ट’. मग जुन्या फाइलचं नाव, मग ‘वजा ओ झेड’, म्हणजे जमेल तितकी लहान कर. शेवटी ‘वजा ओ’ आणि नव्या फाइलचं नाव. एंटर दाबलं. नवी फाइल निम्म्याहून लहान होती, आणि खेळ तसाच चालत होता.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे साधन सी भाषेतला मूळ मजकूर पाहतच नाही. भाषांतर झालेली फाइल घेतं आणि तीच सुधारतं. उर्दू कथेचं मराठी भाषांतर मूळ कथा न पाहता संपादकाने घासूनपुसून द्यावं, तसं. अट एकच, अर्थ बदलता कामा नये. चोवीस गुणिले साठ गुणिले साठ असं लिहिलेलं असेल, तर ते एकदाच गुणून 86400 ठेवायचं. दोन कामं हुबेहूब सारखी असतील, तर एकच ठेवायचं. छोटं काम जिथे बोलावलं जातं, तिथेच भरून टाकायचं. आणि ज्याला कोणी बोलावतच नाही, ते मृत समजून काढून टाकायचं.

मृत हा शब्द माझा नाही, त्या शास्त्रातलाच आहे. पुढे कुठेतरी जिची किंमत वापरली जाणार आहे, ती गोष्ट जिवंत. बाकीची मृत. या हिशेबावर आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि त्यांच्या सहलेखिका बागेश्री करकरे यांनी 2009 मध्ये ‘डेटा फ्लो अॅनालिसिस’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. भाच्याने ते दाखवलं. मी चाळलं. गणित कळलं नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला.

दुसऱ्या रात्री घोळ झाला. फाइल आणखी लहान व्हावी म्हणून भाच्याने निर्यातीची यादी कापली. बाहेरचं पान प्रोग्राममधली कोणती कामं बोलावणार, ते या यादीत लिहिलेलं असतं. परत सगळं बांधलं. फाइल खरंच आणखी घटली. पण बटण दाबलं तर मराठी शब्द येत होते आणि उर्दूचा रकाना रिकामा! उर्दू शब्द देणारं काम आत कोणीच बोलावत नव्हतं. त्याला हाक येत होती फक्त बाहेरच्या पानाकडून, आणि यादीतून त्याचंच नाव गळालं होतं. साधनाने ते मृत धरलं.

साधनाची चूक नव्हती. त्याला फाइलच्या आतलंच दिसतं. बाहेर कोण वाट पाहतंय, हे आपण सांगायचं असतं. भाच्याने ते नाव परत यादीत टाकलं, फाइल पुन्हा बांधली आणि या वेळी दोन्ही रकाने तपासूनच पुढे पाठवली. जुनी फाइलही जपून ठेवली.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. उर्दूच्या तुकडीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी शाळा उघडताना निघतो. पट मोजला जातो, आकडा लहान निघतो. मोजणाऱ्यांचाही द्वेष नसतो, त्यांच्यासमोर हजेरीपटच असतो. त्या पटात हे दिसत नाही की एक मुलगी घरी जाऊन नानीला तिच्या भावाची जुनी खतं वाचून दाखवते, कारण घरात ती लिपी येणारी ती एकटीच आहे.

आजवर मी अशा बैठकीत भाषेच्या थोरवीवर बोलत आलो. यंदा तसं केलं नाही. सुट्टीत घरोघरी फिरून विचारलं, तुमच्याकडे उर्दू कोणाला लागते, कशासाठी? उत्तरं वहीत लिहिली आणि ती वही पटाशेजारी ठेवली. निर्णय अजून झालेला नाही. पण वही परत करताना मला विचारलं गेलं, "सर, हे आधी का नाही दाखवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.