मांडव्याच्या किनाऱ्यावर मांडीची वाटणी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो जहाज सुटले की साधारण तासाभरात रायगडचा किनारा समोर येतो. प्रथम डोंगरांची निळसर रेघ, मग नारळी-पोफळीची दाटी आणि अखेरीस समुद्रात पुढे सरसावलेला मांडव्याचा धक्का. पनवेल, पेण, वडखळ असा रस्त्याने वळसा घातला तर हाच प्रवास शंभर किलोमीटरहून अधिक होतो. मार्च २०२० मध्ये ही जहाजसेवा सुरू झाली आणि मोटारीसह समुद्र ओलांडण्याची सोय झाली. गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या लाँच त्याआधीपासूनच आहेत. मात्र पावसाळ्यात त्या बंद असतात. १९९० च्या ‘अग्निपथ’ चित्रपटाने मांडवा हे नाव घरोघरी पोचवले. प्रत्यक्षातला मांडवा चित्रपटातल्यासारखा सूडाने पेटलेला नाही. तो भातशेतीचा, वाड्यांचा, आगरी-कोळी वस्तीचा साधा गाव आहे.

पौषातील एका शनिवारी या जहाजावर काळबादेवीच्या कापड बाजारातील एका जैन कुटुंबाच्या तीन पिढ्या होत्या. आजी, सून आणि अडीच वर्षांचा नातू. चौथा जीव सुनेच्या पोटात होता. तिला सहावा महिना लागला होता. मुलाचे वडील दुकानावर होते. माघातल्या लग्नसराईचा माल उतरत होता, म्हणून ते संध्याकाळी मागाहून येणार होते. ‘मागाहून’ हा शब्द त्या घरात अलीकडे फार वेळा उच्चारला जात असे.

मुलगा मुळातच चपळ. दुकानातील ठाणांच्या राशीवर चढणे आणि जिन्यावरून उलटे उतरणे हे त्याचे नित्याचे उद्योग. पण घरात बाळ येणार हे कानावर पडल्यापासून त्याचे वागणे बदलले होते. चमच्याने जेवणारा मुलगा भरवून घेऊ लागला, झोपेत दचकून उठू लागला आणि दिवसातून वीस वेळा ‘कडेवर घे’ म्हणू लागला. डॉक्टरांनी तर जड उचलू नका असे बजावलेले. आईची मांडीही दिवसेंदिवस आखूड होत चाललेली. एके रात्री त्याने आईच्या पोटावर हात ठेवून शांतपणे सांगितले होते, “बाळाला खाली ठेव.” आईला हसू आले नाही, ती तोंड फिरवून रडली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मांडव्याचा विषय काढला.

हिवाळ्यात या जलमार्गावर सीगल पक्ष्यांचे थवे असतात. त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव तिबेटसारख्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण घालतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर उतरतात. प्रवासी त्यांना वेफर व गाठिये भिरकावतात. मुलालाही गाठिये हवे होते. आजींनी पुडी उघडली, पण क्षणभर विचार करून पुन्हा गुंडाळली. “तळलेले खारट खाऊ घालणे ही जीवदया नव्हे. त्यांचे अन्न समुद्रात आहे. आपण नुसते बघू,” त्या म्हणाल्या. मुलाने आकांत केला आणि मग पक्षी मोजू लागला. त्याला पाचपर्यंतच येत असल्यामुळे मोजणी मांडव्यापर्यंत पुरली.

धक्क्यावर उतरताना ती घटना घडली. गर्दी, सामानाच्या पिशव्या, आजींचा गुडघा. तेवढ्यात मुलाने हात सोडवला आणि तो पाण्याच्या बाजूने धावत सुटला. आई दोन पावले धावली आणि थबकली. पोट हाताने धरून ती केवळ हाक मारू शकली. पुढे मासळीची रिकामी पाटी घेऊन चाललेली एक कोळीण होती. तिने पाटी खाली टाकली आणि मुलाला कमरेला धरून उचलले. “अगो बाय, पोर हाय का वारा?” असे म्हणत तिने त्याला आईसमोर उभे केले. आजी आयुष्यभर मासळीच्या गल्लीतूनही न गेलेल्या. त्यांनी त्या स्त्रीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आई मात्र बाकावर बसून राहिली. मूल वाचले याच्या आनंदापेक्षा आपण धावू शकलो नाही, ही जाणीव तिला अधिक बोचत होती.

गावातील ज्या वाडीत त्यांचा मुक्काम होता, तिथे विहीर, पोफळी आणि शेणाने सारवलेले अंगण होते. भाताची कापणी झाली की या भागात वाल पेरतात आणि पांढरा कांदा लावतात. अलिबागच्या या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाहुणे कंदमुळे खात नाहीत हे कळताच घरमालकीण बाईंनी कांद्याची टोपली न बोलता माजघरात नेली, पाणी उकळून गाळून ठेवले आणि दुपारी वालाची उसळ, तांदळाची भाकरी व सोलकढी वाढली.

या बाईंनी दोन मुलगे सव्वा वर्षाच्या अंतराने वाढवले होते. “तुम्ही अंतर तरी राखलेत,” त्या सुनेला म्हणाल्या. ते खरेच होते. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या अवधीत आईची झीज भरून निघते. गरोदरपणी १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत आणि लोहाची तिच्यापासून काही तास दूर, शिवाय चहाबरोबर नाही, हे पथ्यही असते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात या वेळा सकाळपासूनच बसवाव्या लागतात. सासूबाईंनी त्या वहीच्या शेवटच्या पानावर उधारीच्या नोंदीसारख्या लिहून ठेवल्या होत्या. शरीराचा हिशेब असा बसवता आला होता. मुलाच्या मनाचा बसत नव्हता.

त्यावर घरमालकीण बाईंनी एकच गोष्ट सांगितली. “पोटात बाळ हाय म्हणून उचलीत नाय, असं पोराला कधी बोलू नका. दोष बाळावर जातो. पाठ दुखते म्हणा आणि आपण खाली बसा. उभ्या आईला पोर कडेवर मागतं. बसलेल्या आईच्या शेजारीच बसतं.” त्या दिवसापुरते तरी ते खरे ठरले. आई अंगणात बसली, मुलगा तिच्या पाठीला पाठ लावून शंख-शिंपले मांडत बसला आणि कडेवर घेण्याचा हट्ट तासभर ऐकू आला नाही.

उन्हे कलण्याआधी तिघे जण रिक्षाने सासवण्याला गेले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे हे जन्मगाव. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांच्या राहत्या घराचे आज संग्रहालय झाले आहे. तिथली म्हैस इतकी सजीव आहे की मुलाने तिला गवताची काडी देऊ केली. ती खाईना, तेव्हा तो तिच्या शेजारी निमूट बसून राहिला. ज्या मुलाला घरात पाच मिनिटे बसवता येत नव्हते, तो दगडी शांततेपुढे स्वतःहून थांबला होता. सून ते दुरून पाहत होती. धाक किंवा लालूच नसताना मुलाला स्थिर झालेले तिने कित्येक आठवड्यांत पाहिले नव्हते.

सासवण्याच्या पुढे किहीम लागते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास येथेच सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. या पक्ष्यांत घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते. पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो. अंडी उबवणे आणि बहुतांश संगोपन मादीवरच पडते. सुगरणीची घरटी पावसाळ्यातली. पौषात ती रिकामी होऊन झाडांना झुलत असतात. रिक्षावाल्याने एका ताडाकडे बोट दाखवून ही हकीकत सांगितली, तेव्हा आजी म्हणाल्या, “म्हणजे त्याने दुकाने थाटत जायचे आणि हिने एकटीने पिल्ले सांभाळायची!” सून काही बोलली नाही. तिच्या मनातले वाक्य सासूबाईंच्या तोंडून आले होते.

मुलगा संध्याकाळी येणार म्हणून आजींनी दुपारीच दुकानावर फोन करून बजावले होते, “सूर्य असेपर्यंत ये.” तो आला. अंगणात पोपटीची तयारी चालली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पुन्हा पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. पोपटी खरे तर रात्रीची. पण या पाहुण्यांसाठी घरमालकांनी ती उन्हातच लावली. शेंगा सोलताना आजींनी धक्क्यावरचा प्रसंग सांगितला, काही न वाढवता. मुलाच्या वडिलांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“दुकान आठला बंद होते,” थोड्या वेळाने आजी म्हणाल्या. “तू दहाला घरी येतोस. मधले दोन तास कोणाचे?”

“रोजमेळ असतो, बा.”

“रोजमेळ मुनीमजी जुळवतील. मुलाचा रोजमेळ जुळवायला मुनीम ठेवता येत नाही. दुकानाची वाटणी कागदावर होते. मांडीची वाटणी वेळेवर व्हावी लागते. तिची मांडी भरली आहे. तुझी रिकामी आहे.”

अंधार पडल्यावर किनाऱ्यावर गार वारा सुटला. पलीकडे मुंबईचे दिवे पाण्यावर लांबवर पसरले होते. पांघरुणात गुंडाळलेल्या नातवाला आजींनी पर्युषणातील जन्मवाचनाची कथा सांगितली. कल्पसूत्रात आहे, की आईला त्रास होऊ नये म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. पण हालचाल थांबताच त्रिशलामाता शोकाकुल झाली, तेव्हा ते पुन्हा हलले. आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा निश्चय त्यांनी तिथेच केला. नंदिवर्धन हा त्यांचा थोरला भाऊ. श्वेतांबर परंपरा सांगते, की आईवडिलांच्या देहावसानानंतर त्याच्या विनंतीवरून वर्धमान आणखी दोन वर्षे घरात राहिले. मुलाला त्यातले ‘भाऊ’ आणि ‘हलले’ एवढेच कळले. वडिलांच्या मांडीवर तो ऐकता ऐकता झोपला. त्या आठवड्यात प्रथमच तो आईशिवाय झोपला होता.

रविवारी दुपारी चौघे धक्क्यावर परतले. मुलाचा हात वडिलांच्या हातात होता. काठाशी आल्यावर आदल्या दिवशी कोळिणीने पाटी टाकली होती ती जागा त्याने ओळखली आणि तो आपणहून थांबला. जहाजाला वेळ होता. आई बाकावर बसली. मुलगा शेजारी चढला आणि मांडीचा जेवढा भाग उरला होता त्यावर त्याने डोके टेकले. थोड्या वेळाने तो चमकून उठला.

“बाळाने ढकलले.”

“जागा मागतेय,” आई म्हणाली.

मुलाने पोटाकडे पाहिले, मग वडिलांकडे. काहीसा विचार करून तो बोटभर मागे सरकला आणि पुन्हा डोके टेकवून म्हणाला, “घे.”