मापाचा लाडू

बेसनाच्या लाडवाला तूप किती, तर लाडू वळता येतील इतकं. मीठ चवीपुरतं, हळद चिमूटभर, साखर ज्याच्या-त्याच्या आवडीने. आपला सगळा स्वयंपाक असा हाताच्या अंदाजाने चालतो आणि उत्तम चालतो. ऑन्टारिओत संसार थाटून इतकी वर्षं झाली, तरी माझ्या ओट्यावर वजनकाटा नव्हता. तो आला गांजाच्या लाडवांमुळे.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. घरामागे चार झाडं लावता येतात. माणसामागे नव्हे, घरामागे. क्विबेक प्रांताने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली, पण आमच्याकडे परसात झाड लावायला हरकत नाही. त्याचे पदार्थही घरी करता येतात. ब्युटेनसारखी ज्वालाग्राही द्रावकं वापरून अर्क काढायला मात्र बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तूप, लोणी, तेल चालतं. आम्हा दोघांना घरात धूर नको होता, आणि तुपाशी माझी जन्माची ओळख. त्यामुळे ओढणं बाजूला राहिलं आणि मी खाण्याकडे वळले.

मे महिन्याच्या अखेरीस, गोठवणाऱ्या दंवाची भीती सरल्यावर रोपं जमिनीत जातात. दिवस लहान होऊ लागले की ऑगस्टमध्ये मंजिऱ्या धरतात. नर झाड ओळखून वेळीच उपटावं लागतं, नाहीतर मादीच्या मंजिऱ्यांत बी भरतं. बंगालमध्ये नौगावच्या गांजाच्या शेतांत एकोणिसाव्या शतकात या एका कामासाठी खास जाणकार बोलावले जात. इथे खरा शत्रू सप्टेंबरच्या शेवटाचा ओलावा. दाट मंजिरीच्या पोटात बुरशी धरते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून मी रोज सकाळी बोटांनी मंजिऱ्या विलग करून आत पाहते. करडा ठिपका दिसला की ती फांदी कचऱ्यात. खायच्या वस्तूत बुरशीची गय करायची नाही.

तोडलेल्या फांद्या तळघरात अंधारात उलट्या टांगून दोनेक आठवडे सुकवायच्या आणि मग बरण्यांत भरायच्या. एवढं करूनही या मंजिऱ्या नुसत्या खाल्ल्या तर फारशा चढत नाहीत. झाडात असतं ते आम्ल, टीएचसीए. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा त्याचं झिंग आणणारं टीएचसी होतं. म्हणून आधी ओव्हनमध्ये साधारण ११५ अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास मंद भाजणी. घरच्या ओव्हनचा आकडा विश्वासाचा नसतो. आत वेगळा तापमापक ठेवलेला बरा. घरभर उग्र वास पसरतो. खिडक्या उघडल्या तरी तो पडद्यांना दोन दिवस धरून राहतो.

मग तूप. या टप्प्यावर मला माझ्याआधीच्या एका कारागिराची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरांनी १८३९ साली कलकत्त्यात भांगेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी अमीर नावाच्या, भांगेचा अड्डा चालवणाऱ्या माणसाची माजूम, म्हणजे भांगेची मिठाई, करण्याची रीत टिपून ठेवली आहे. चार औंस सिद्धी, म्हणजे भांगेचा पाला, तितकंच तूप आणि वर पाणी, असं सगळं कोळशाच्या आचेवर हलवत राहायचं. पाणी आटलं हे कसं कळणार, तर भांड्याच्या कडेला तूप तडतडू लागतं त्यावरून. लोणी कढवताना आपण ऐकतो तोच आवाज! मग गरम असतानाच फडक्यातून पिळायचं, थिजू द्यायचं, आणि पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत तो गोळा हाताने धूत राहायचं. ते धुवण फेकायचं. प्यायल्यास घसा आवळतो, त्रास होतो, असं अमीरने बजावलं होतं.

या रीतीत एकही पायरी वाया गेलेली नाही. पाणी आहे तोवर भांड्याचं तापमान शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून तूप करपत नाही. टीएचसी स्निग्धात उतरतं, पाण्यात जवळजवळ नाहीच, म्हणून धुण्यात जातो तो मुख्यतः हिरवा कडूपणा. हे टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना गाओनी आणि मेशुलाम या शास्त्रज्ञांनी मांडली १९६४ साली. अमीरचा हात त्याच्या सव्वाशे वर्षं आधी ते जाणत होता. मी धुण्याची पायरी आजही गाळत नाही.

आता हिशेब. दहा ग्रॅम मंजिरी घेतली आणि तिच्यात पंधरा टक्के टीएचसीए धरलं, तर ते झालं १,५०० मिलिग्रॅम. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर उरतं साधारण १,३१५ मिलिग्रॅम टीएचसी. थोडं गाळणीत, थोडं फडक्यात राहतं, पण जपून राहायचं तर सगळंच तुपात आलं असं समजावं. त्या तुपाचे तीस लाडू केले, तर एकेका लाडवात चव्वेचाळीस मिलिग्रॅम. इथल्या दुकानात खाद्यपदार्थाच्या अख्ख्या पाकिटात दहा मिलिग्रॅमहून जास्त टीएचसी असायला परवानगी नाही, आणि नवख्याने अडीचवर थांबावं असा सल्ला आहे. म्हणजे मूठभर वाटणारी ती दहा ग्रॅम मंजिरी खरं तर भयंकर आहे. तीस लाडवांना एक ग्रॅम पुरतो. हे डोळ्यांना पटत नाही, हाताला तर मुळीच नाही. म्हणून वजनकाटा.

लाडू करताना बेसन नेहमीच्या तुपात खमंग भाजून घ्यायचं. औषधी तूप त्या कढईत घालायचं नाही, आचेने त्याचा जोर जातो. बेसन कोमट झालं की ते तूप मोजून घालायचं आणि मळायचं, नेहमीपेक्षा बरंच जास्त वेळ. तूप एका कोपऱ्यात साचलं तर एक लाडू निरुपद्रवी निघतो आणि दुसरा माणसाला आडवा करतो. माझ्या मते या कामातलं सगळं कौशल्य त्या मळण्यात आहे. शेवटी प्रत्येक लाडू काट्यावर ठेवून सारखा वळायचा.

खाल्ल्यावर अर्धा तास ते दोन तास काहीच वाटत नाही. यकृतात टीएचसीचं दुसरं, अधिक जोरकस रूप बनतं. ते चार तासांपर्यंत चढत जातं आणि बारा तास रेंगाळू शकतं. ‘काही होत नाही’ म्हणून दुसरा लाडू उचलणं हाच सगळ्यात मोठा धोका. आमच्याकडे त्या संध्याकाळी गाडीच्या किल्ल्या खुंटीवर राहतात. डबा कुलपात असतो, कारण दिसायला तो बेसनाचाच लाडू आणि नातवंडांना लाडू म्हणजे लाडू. पाहुण्याने मागितला तर आधी मी विचारते, कुठली औषधं चालू आहेत, पूर्वी कधी घेतलंय का. पुण्याहून भाचा फोनवर म्हणतो, “मावशी, येताना चार लाडू आण ना.” त्याला मी दर वेळी नाहीच म्हणते. सीमेपार नेणं कॅनडात गुन्हा, आणि तिकडे भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे.

यंदा मी मंजिऱ्या लाडवाला वापरणार नाही. त्यांच्यालगतची बारीक पानं छाटून वेगळी सुकवली आहेत. अमीरने पालाच घेतला होता, आपल्याकडे थंडाईतही पालाच वाटतात. पाल्यात जोर कमी, म्हणून मोजण्यातली चूकही लहान राहते. मंजिरीचा एक ग्रॅम इकडे-तिकडे झाला तर लाडवाचा जोर दुप्पट होतो. पाल्याच्या एका ग्रॅमने तेवढा फरक पडत नाही. तूप थोडं जास्त हिरवं येईल, धुवायला पाणी जास्त लागेल, वेलचीही वाढवावी लागेल. मंजिऱ्यांच्या बरण्या तळघरात आहेत. त्यांचं काय करायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.