डबा उघडते, पण जेवते का?

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर

प्रिय शैला,

पत्र मिळालं. पोरगी अकरावीत गेल्यापासून ताटावर बसायचं टाळते, जेवली की लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, पाळी चुकतेय, आणि भावजी म्हणतात मोबाईलचं खूळ आहे, उतरेल. भावजींना सांग, 1873 साली मोबाईल नव्हते. त्याच सुमारास लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी अन्न नाकारणाऱ्या मुलींचा हा आजार लिहून ठेवलाय. खूळ म्हणून सोडू नका गं.

मी एवढ्या ठामपणे लिहितेय, कारण आमच्या टॉवेलच्या कारखान्यात हे जवळून बघितलंय. पॅकिंगला एक पोरगी आहे, नाव नको. इथं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकमेकींत फिरतात, तुला ठाऊकच आहे. हिचा सोमवार, गुरुवार, शनिवार, वर संकष्टी नि एकादशी. उरलेल्या दिवशी ॲसिडिटी. आपल्याकडं उपास करणाऱ्या पोरीला कोण टोकणार? उलट कौतुकच! डबा उघडला तरी भाकरीचा पापुद्रा सोलायचा, बारीक तुकडे करायचे, आमटीत बुडवून कडेला सारायचे. स्वतः केलेल्या शेंगापोळ्या मात्र आम्हाला आग्रह करकरून वाढणार. मग एखाद्या दिवशी कोपऱ्यात पाठ करून बकाबका खाणार आणि तडक संडासाकडं.

सुरुवातीला थोडी उतरली तेव्हा बायका म्हणायच्या, "किती बारीक झालीस, आम्हालाही सांग की!" पुढं वजन चारचौघींसारखंच राहिलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. खाऊन उलट्या काढणाऱ्यांचं वजन बरेचदा असंच राहतं. मला कळलं ते टेबलावर. डझनाच्या घड्या मोजताना तिचा उजवा हात समोर यायचा, बोटांच्या सांध्यांवर घट्टे नि ओरखडे. दातांच्या खुणा असतात त्या, वारंवार उलटी काढण्याच्या. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी 1979 साली बुलिमियाबद्दल, म्हणजे या खाऊन उलट्या काढण्याच्या आजाराबद्दल, लिहिताना हीच खूण नोंदवली. दात झिजणं, गाल सुजल्यासारखे दिसणं हेही तिच्यात होतं. दवाखान्यात तोवर ॲसिडिटीच्या गोळ्याच मिळत होत्या, कारण ती तेवढंच सांगायची.

तुझी पोरगी "मी जाड दिसते" असं म्हणत नाही, म्हणून तू निर्धास्त होऊ पाहतेयस. तसं नसतं गं. आपल्याकडच्या कितीतरी मुली पोट फुगतं, भूकच नाही, गिळवत नाही एवढंच सांगतात. आणि मुलगे यातून सुटलेत असंही नाही, जिमच्या नादात त्यांचंही होतं.

मी पॅकिंगच्या पोरीशी वजनाचं काही बोललेच नाही. शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघताना एवढंच विचारलं, "जेवण झाल्यावर तुला त्रास होतो का गं?" पोरगी ढसाढसा रडली. मग तिच्या आईला विश्वासात घेऊन आम्ही सिव्हिलला गेलो, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभागात. आधी रक्त तपासलं नि ईसीजी काढला. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून. तेव्हा तुझ्याकडं चक्कर, धडधड, बेशुद्धी असं काही झालं तर समुपदेशनाची तारीख बघत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. जीव नकोसा झाल्याचं बोलली तरी तसंच.

एरवी कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14416 लाव. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, दिवसरात्र, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. तुमच्या सुरतेतूनही लागते, मराठीत बोलता येतं. लेक तयार नसेल तर तू स्वतः बोल. आणि भावजींच्या कंपनीचा विमा आहे ना? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा द्यावा लागतो. पॉलिसीचा कागद काढून बघा.

तिच्या वयाच्या मुलींसाठी एक उपचार आईबापांच्या हातूनच चालतो. काही दिवस काय नि किती जेवायचं हे घरचे ठरवतात, शेजारी बसून खाऊ घालतात, आणि डॉक्टर लक्ष ठेवतात. उपाशी राहून फारच खंगली असेल तर मात्र एकदम भरपूर खायला घालायचं नाही, त्यानंही धोका होतो. ते डॉक्टरच ठरवतील. ताटावर भांडण नको, "बाकीच्या बघ कशा जेवतात" हे तर नकोच. सासूबाईंनाही दम दे, येताजाता पोरीच्या अंगावरून बोलतात.

आमची पॅकिंगवाली? चालू आहे. एक महिना बरी, मग घरात लग्न निघालं की पुन्हा घसरण. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो. ती आता गुरुवार सोडून बाकीचे उपास करत नाही, तोही सुटेल म्हणते.

शेंगाचटणी मागितलीस, पाठवते. पोरीपुढं ठेवून "खा, खा" करू नकोस, तुझ्या भाकरीबरोबर तू खा. डॉक्टरांची वेळ मिळाली की लगेच कळव. रविवारी मला सुट्टी असते, दुपारी फोन केलास तर निवांत बोलता येईल.

तुझी,
मंगल