पित्ताशय काढल्यानंतरचे खडे

‘पित्ताशयच काढून टाकले, मग आता खडे कुठले?’ असे तुम्ही विचारलेत, तर तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. तीच चूक माझ्या हातून झाली आहे.

आमच्या आळीतील अडुसष्ट वर्षांच्या एका आजींना वर्षभरात तीनदा थंडी वाजून ताप आला. वीस वर्षांपूर्वी पोट उघडून त्यांचे पित्ताशय काढलेले. म्हणून पित्तखड्यांचा विचार मी केलाच नाही. प्रतिजैविके दिली, ताप उतरला. तिसऱ्या खेपेस डोळे पिवळे दिसले, तेव्हा कुठे तपासण्या करविल्या. यकृताच्या डाव्या भागातील पित्तनलिकांत खडे दाटले होते आणि तो भाग आक्रसला होता.

असे खडे आपल्याकडे विरळ, पूर्व आशियात अधिक. पित्त तुंबते, जंतू वाढतात, नलिका अरुंद होते, नवे खडे धरतात. हे वर्षानुवर्षे चालल्यास तेथे कर्करोगही उद्भवू शकतो. म्हणून रोग एकाच भागात असेल, तर खड्यांसह तो भागच काढतात.

मुलाचा आग्रह एकच : दुर्बिणीनेच करा. आग्रह गैर नव्हता. दुर्बिणीने रक्तस्राव सहसा कमी होतो, जखम कमी दुखते, रुग्ण लवकर चालू लागतो. वृद्धांना याचे मोल फार. डावा भाग तर दुर्बिणीला सोयीचा. मात्र छिद्रे लहान असली, तरी आतली शस्त्रक्रिया तेवढीच मोठी असते. खडे दोन्ही बाजूंना असतील किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेने आत सारे चिकटलेले असेल, तर पोट उघडणे अधिक सुरक्षित ठरू शकते.

आजींचे तसेच झाले. आतडे यकृताला चिकटलेले आढळले आणि शल्यविशारदांनी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडले.

“डॉक्टर, फसवले हो आपल्याला!” मुलगा मला म्हणाला. मी त्याला बसवून समजावले : रक्तवाहिनी नीट दिसत नसताना दुर्बिणीचा हट्ट धरला असता, तर ती फसवणूक ठरली असती. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर छिद्रांची संख्या मागाहून विचारा. सगळे खडे निघतील का आणि अडचण आल्यास पोट उघडण्याची तयारी आहे का, हे आधी विचारा.

आजी अकराव्या दिवशी घरी आल्या. खोकताना अजून पोटाशी उशी धरतात. ताप आला म्हणून कोणी सांगत आले, की मी त्यांना आधी खिडकीच्या उजेडात बसवतो आणि डोळे पाहतो.