टबाच्या कडेकडेनं

ह्यूस्टनमधल्या आमच्या परसात लुइझियाना आयरिसचे मोठे काळे टब आहेत. तळाला एकही भोक नसलेले. कुंडीतलं पाणी निचरलं नाही की एरवी झाड कुजतं. या बाईंचं सगळं उलटं, मुळं पाण्यात असली की खूश. माती इथलीच, काळी नि चिकण. पावसात बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. ही माती आणि आपली दख्खनची कापसाची काळी जमीन मृदाशास्त्रात एकाच गटात मोडतात, व्हर्टिसॉल. सोलापूरकडच्या माणसाला ते शास्त्र लागत नाही, हात घातला की कळतं. आयरिसला मात्र माती जराशी आम्लधर्मी हवी, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी घालते, आणि दसऱ्याच्या सुमारास नि माघात अझेलियाचं खत. डासांच्या अळ्या गॅम्बुझिया मासे खातात.

आई इथे आली तेव्हा पाती पाहून म्हणाली, "अगं, एवढं वेखंड कशाला लावलंस?" पातं चुरगळून हुंगलं. वास नाही. "मग वेखंड नव्हे." निकाल लागला.

खरी मौज मातीलगत आहे. आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड सरकत जातं. जे टोक एकदा फुललं ते पुन्हा फुलत नाही. त्याच्या बगलेतून फुटवे निघतात, पुढे जातात आणि पुढच्या होळीनंतर ते फुलतात. दलदलीत पुढे मोकळं रान असतं, टबात प्लॅस्टिकची भिंत. मधोमध लावलेली आयरिस एक-दोन वर्षांत काठ गाठते, मग कडेकडेनं वळसा घालू लागते. मध्ये उरतात जुनी खोडं, गळलेल्या पात्यांचे गोल वण अंगावर घेऊन. काठावर एवढी दाटी होते की गोल टब लंबगोल होतो. पुस्तकं म्हणतात, दोन-तीन वर्षांनी गड्डे वेगळे करा. मी टब फुगेपर्यंत थांबते. फुलं थोडी कमी येतात, येऊ देत.

सरकण्याइतकंच मिसळणंही यांच्या रक्तात आहे. 1920च्या दशकात न्यू यॉर्क बोटॅनिकल गार्डनचे जॉन स्मॉल न्यू ऑर्लिन्सच्या आसपासच्या दलदलींत हिंडले. तिथले रंग पाहून त्यांनी डझनांनी नव्या प्रजाती नोंदवल्या. पुढे त्यातल्या बहुतेक निसर्गात आपोआप झालेले संकर ठरल्या. मला त्यांचं हसू येत नाही. तांबूस आयरिस फुल्वावर हमिंगबर्ड येतो, निळ्या आयरिसांवर भुंगे. एखादा पाहुणा घर चुकला की झालाच नवा रंग. अ‍ॅबेव्हिलजवळच्या लाल आयरिस तर अशा मिसळणीतून निघून स्वतंत्र प्रजाती म्हणून स्थिरावल्या.

भाद्रपदात झाडं अर्धवट झोपेत असताना टब आडवा पाडायचा. मातीचा गठ्ठा खुरप्याला दाद देत नाही, करवतच लागते. जुनी खोडं कंपोस्टमध्ये, पात्यांवर तांबेरा दिसला तर ती पाती कचऱ्यात. गणपतीला आलेल्या मैत्रिणी पिशव्या भरभरून फुटवे नेतात. निळ्या, पांढऱ्या हव्या तेवढ्या न्या म्हणते. तांबडीचं नाव निघालं की मी मोदक पुढे करते.